आगरकरांचा दमा

कसबा बावड्यातला लक्ष्मीविलास राजवाडा कोल्हापूरकरांना वेगळा दाखवावा लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांचा जन्म २६ जून १८७४ रोजी तिथे झाला आणि १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधान होऊन ते शाहू छत्रपती म्हणून करवीरच्या गादीवर आले. त्यांच्या आधी गादीवर असलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. या तरुण महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी ओरड पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' या दोन नव्या पत्रांनी केली होती. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या भरवशावर आरोप झाले होते ती बनावट निघाली आणि १७ जुलै १८८२ रोजी दोन्ही संपादकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले एक बाळ गंगाधर टिळक. दुसरे 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर, तीनच दिवसांपूर्वी २६ वर्षे पूर्ण केलेले.

समाजसुधारक आगरकर शाळेच्या पुस्तकात भेटतात. त्यांचा दमा मात्र चरित्राच्या शेवटच्या पानावर एका ओळीत येतो आणि संपतो. खरे तर हा आजार त्यांच्या आयुष्याचा बराच काळ सोबतीला होता आणि वयाची ३९ वर्षेही पूर्ण होण्याआधी त्यानेच त्यांना नेले.

जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी दारिद्र्य. कऱ्हाडला आजोळी राहून थोडे शिक्षण झाले आणि पैशाअभावी खुंटले. मग कचेरीत उमेदवारी केली, काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, पण तिथेही जम बसला नाही. अखेर अकोल्याला नातेवाइकांच्या आधाराने राहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. तिथल्या विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकांनी पाठबळ दिले आणि हा मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. शिष्यवृत्त्या, निबंधांची बक्षिसे, वर्तमानपत्रांतले लेखन यांवर खर्च भागवायचा. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवायचा, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. ती ऐकताना जिद्दीचे कौतुक होते. डॉक्टरच्या कानाला त्यात आणखी काही ऐकू येते: अपुरे खाणे, ओल, दाटीवाटीची खोली, चुलीचा आणि दिव्याचा धूर. दमा गरिबीमुळेच होतो असे नाही, श्रीमंतांच्या घरातही तो असतो. पण गरिबाच्या घरी तो अधिक वेळा उसळतो आणि उसळला की लवकर आवरत नाही.

एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा शिकला, आता मोठा पगार घरी येईल, अशी आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या कामी घालवणार, असे त्यांनी तिला कळवून टाकले. आणि तसेच केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते बेताच्या पगारावर रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, त्याचे संपादकपद त्यांच्याकडे आले.

दिवसा शाळा आणि रात्री लेख, असा हा दिनक्रम. आता दम्याचा दिनक्रम पाहा. फुफ्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, कधी मनावरचा ताण, असे काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. श्वास आत घेता येतो, बाहेर सोडताना अडतो. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो. हे बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे होते. रोगी उठून बसतो, हात गुडघ्यांवर किंवा उशीवर टेकतो, उजाडायची वाट बघतो. सकाळी थोडा कफ सुटला की बरे वाटते आणि दुपारी तोच माणूस चार लोकांत अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून दमेकऱ्याच्या दुखण्यावर घरातल्यांचाही पटकन विश्वास बसत नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या 'तमक श्वासा'चे वर्णन वाचले तर आजच्या ओपीडीतलाच रोगी समोर बसल्यासारखा वाटतो. आडवे पडल्यावर त्रास, बसल्यावर आराम, आभाळ भरून आले, पाऊस लागला की जोर, हे सारे त्यात आहे. जुना झालेला तमक श्वास समूळ जात नाही, पण काबूत ठेवता येतो, हेही चरकाने सांगून ठेवले आहे.

पुन्हा डोंगरीकडे. जामिनासाठी खटपट करणाऱ्यांत जोतीराव फुले होते, हे ज्यांना टिळक-आगरकर आणि फुले म्हणजे तीन वेगळ्या दिशा एवढेच ठाऊक असते त्यांना आश्चर्याचे वाटते. शिक्षा झाल्यावर दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एका खोलीत होते. जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे मुंबईचा अख्खा पावसाळा. ओलसर भिंती, कोंदट हवा, तुरुंगातली भाकर. दोघांची वजने चांगलीच उतरली. २६ ऑक्टोबरला सुटका झाली तेव्हा आत १०१ दिवस झाले होते. आगरकरांनी त्यावर त्याच वर्षी पुस्तक लिहिले, 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस'. त्याचा सूर रडका नाही. दोघे रात्र रात्र देशाच्या आणि समाजाच्या प्रश्नांवर वाद घालत आणि आवाज चढला की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावे लागे. पुढे दोघांना वेगळे करणारे मतभेद त्या खोलीतच दिसू लागले होते. इतके बोलता येत होते म्हणजे त्या रात्री छाती मोकळी असणार, असे म्हणायला हरकत नाही.

बाहेर आल्यावर कामाचा वेग कमी झाला नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे त्यांनी केलेले 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या वादात १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचा 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रियांचे शिक्षण, अस्पृश्यता, अंत्यविधीतले कर्मकांड, काही सुटले नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी उघड पाठिंबा दिला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. जवळचे मित्र विरोधक झाले, संसार ओढगस्तीचा. मनावरच्या ताणाने दमा वाढतो, हे आज पाठ्यपुस्तकात आहे. त्याची इतकी भरपूर सामग्री क्वचितच एखाद्याच्या वाट्याला आली असेल.

त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात होते तरी काय? दमा हा मुळात मज्जातंतूंचा विकार आहे, असे तेव्हा मानत. इंग्लंडचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी. त्यांचा १८६० चा ग्रंथ तेव्हाचा सर्वांत मोठा आधार होता आणि त्यात कडक, काळ्या कॉफीची शिफारस आहे. ती अगदीच चुकीची नव्हती, कॉफीतल्या द्रव्याने श्वासनळ्या किंचित सैल होतात. सोऱ्यात भिजवलेला कागद जाळून त्याची धुरी घेत. पोटॅशियम आयोडाइड पोटातून देत. अफूही देत, जी दमेकऱ्याचा श्वास आणखी मंद करू शकते. आणि धोतरा. धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ब्रिटनमध्ये नेली. मग तिकडे धोतऱ्याच्या विड्या आणि सिगारेटी पेट्यांत भरून विकल्या जाऊ लागल्या. आपल्या उकिरड्यावर उगवणारे झुडूप साहेबाच्या शिक्क्याने परत आले. धोतऱ्याने आवळलेले स्नायू थोडे सैल होतात, हे खरे आहे. आजच्या काही इन्हेलरमधली औषधे त्याच घराण्यातल्या द्रव्यापासून घडवलेली आहेत. पण धूर तो धूरच, आणि मात्रा जास्त झाली तर धोतरा विष. यातले एकही औषध नळ्यांची सूज उतरवत नव्हते. अटॅक थोडा कमी व्हायचा, आजार आत चालूच राहायचा.

विल्यम ऑस्लर यांचा वैद्यकावरचा नावाजलेला ग्रंथ १८९२ मध्ये निघाला. दम्याच्या अटॅकमध्ये कुणी मरत नाही, दमेकरी धापा टाकत म्हातारपण गाठतो, असा त्यांचा निर्वाळा होता. ही समजूत जगभरच्या डॉक्टरांत कित्येक दशके टिकली. खेड्यापाड्यांत तर आजही ती ऐकू येते. त्याच वर्षी प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसनचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. त्यांच्या वाट्याला म्हातारपण आले नाही. तीनच वर्षांत, १७ जून १८९५ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. मृगाचे दिवस होते. अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात. लोकांवर ओझे नको, हा त्यामागचा विचार. पण वर्षानुवर्षे रात्री बसून काढलेल्या माणसाला आपले काय होणार आहे हे कळलेलेही असते. मागे पत्नी यशोदाबाई आणि मुले. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

औषधे आली, पण उशिरा. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दम्यावर वापरल्याचा पहिला वृत्तान्त १९०३ चा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ते जगले असते तर तेव्हा सत्तेचाळिशीत असते. एफेड्रिन १९२० च्या दशकात आले. मात्रा मोजून देणारा पहिला इन्हेलर १९५६ मध्ये, साल्ब्युटामॉल १९६० च्या दशकाअखेर. सूज उतरवणारे स्टेरॉइड थेट श्वासनळीत पोहोचवणारा इन्हेलर १९७२ मध्ये बाजारात आला आणि दम्याच्या उपचाराचा खरा पाया घातला गेला. आगरकरांच्या रात्रींवरचा उपाय त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षांनी हाती लागला.

मग आता तरी ते मृत्यू थांबले असतील, असे वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटींहून अधिक लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याने दगावली. त्याच वर्षीच्या जागतिक रोगभार अभ्यासात भारतातले रुग्ण सुमारे ३ कोटी ४३ लाख आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात. रुग्ण आठात एक आणि मृत्यू पाचात दोन, हा हिशेब डॉक्टरांना मान खाली घालायला लावणारा आहे. आपला दमा जात्याच अधिक घातक आहे म्हणून हे घडत नाही. देशात नऊ केंद्रांवर झालेल्या एका पाहणीत सहा-सात वर्षांची मुले, तेरा-चौदा वर्षांची मुले आणि मोठी माणसे या तिन्ही गटांत तीन ते चार टक्के लोकांना छातीत शीळ वाजण्याचा त्रास आढळला आणि त्यांतल्या सुमारे ८२ टक्क्यांना हा दमा आहे असे कुणी सांगितलेलेच नव्हते. रोज घ्यायचा स्टेरॉइड इन्हेलर तर मोजक्यांच्याच हाती होता.

कसबा बावड्यासारख्या भागात हे समजायला पाहणीचे कागद लागत नाहीत. गाव नदीकाठचे, उसाचे, साखर कारखान्याचे. गाळपाचा हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. गुऱ्हाळांचा धूर, शेतात पेटवलेले पाचट, रस्त्यावरची धूळ आणि त्यावर पहाटेचे धुके. पंचगंगेचा पूर ओसरला की भिंतींवर बुरशी धरते. जून-जुलैत पाऊस लागला की एक लाट, दिवाळीनंतर दुसरी. छोट्या दमेकऱ्यांची शाळा याच दिवसांत बुडते. पोराला दमा आहे हे घरात कुणी म्हणत नाही. 'बाळदमा' म्हणून, 'कफाची प्रकृती' म्हणून वेळ मारून नेतात, खोकल्याच्या बाटल्या आणि अँटिबायोटिक चालू राहते. मैदानावर धावले की धाप लागते म्हणून मूल बाजूला बसू लागते आणि ते अशक्तच आहे असे सगळे धरून चालतात. मुलगी असली तर लग्न जमेपर्यंत इन्हेलर कपाटात लपतो. मोठ्यांचे नुकसान रोजंदारीत मोजावे लागते: रात्रभर जागलेला माणूस सकाळी ऊस तोडायला किंवा कारखान्यात पाळीवर जाऊ शकत नाही.

त्यात 'पंपा'ची भीती. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, हा समज सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. इन्हेलरमधले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट नळीत जाते. तेच गोळीतून किंवा इंजेक्शनमधून द्यायचे तर कितीतरी पट अधिक द्यावे लागते आणि त्याचे परिणाम सगळ्या शरीरावर होतात. कोजागरीच्या खिरीतून मिळणाऱ्या औषधासाठी आणि मृगावर हैदराबादला जिवंत मासा गिळण्यासाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहतात, पण रोज दोन वेळा इन्हेलर ओढायला कंटाळतात. 'सुधारक'च्या संपादकाला या रांगेवर अग्रलेख लिहायला आवडले असते.

दुसरी चूक त्याहून घातक. त्रास झाला की फक्त निळा, तात्पुरता आराम देणारा पंप मारायचा आणि सूज उतरवणारा रोजचा पंप बंद ठेवायचा. म्हणजे पुन्हा आगरकरांच्या काळातलाच उपचार, फक्त धोतऱ्याच्या जागी साल्ब्युटामॉल. दम्याच्या उपचाराची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या जागतिक गटाने २०१९ पासून नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर रोग्याला ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड या दोन्हींचे इन्हेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. लहान मुलांना पंपाला स्पेसर लावून द्यावा, नाहीतर निम्मे औषध जिभेवरच राहते. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरावी.

धाप लागली म्हणजे दमाच, असेही नाही. आगरकरांचे सहकारी गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ४८ व्या वर्षी गेले. त्यांना मधुमेह होता आणि शेवटच्या आजाराची नोंद 'हृदयाचा दमा' अशी आहे. नाव दम्याचे, पण दोष हृदयाचा: हृदय कमी पडले की फुफ्फुसात पाणी साठते आणि रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच धाप लागली, पायावर सूज असली, रक्तदाब किंवा मधुमेह असला तर आधी हृदय तपासावे लागते. विडी ओढणाऱ्यांच्या आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या फुफ्फुसाचा 'सीओपीडी' हा आजारही वेगळा. फुंकून करायची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी दमा आणि सीओपीडी वेगळे करायला बरीच मदत करते.

अटॅक आला तर रोग्याला आडवे करू नये, बसते ठेवावे आणि आराम देणारा पंप स्पेसरमधून द्यावा. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, पंप घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत आराम पडत नसेल, मुलाच्या बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आतापर्यंत वाजणारी छाती एकाएकी गप्प झाली असेल, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.